तिला एकदा विचारलंस का?

मला आलेलं पत्र थोडक्यात असं आहे. नाव, विद्यापीठ आणि तिकडच्या गावाचं नाव काढून टाकलंय.

लिहिणारी मुलगी २३ वर्षांची, नाशिकची, राहायला गंगापूर रोडला आणि मूळ घर निफाड तालुक्यात, द्राक्षबागवाले. इथून बीए करून ती युरोपात मानववंशशास्त्रात मास्टर्स करतीये आणि फील्डवर्कसाठी तीन महिने उत्तर थायलंडमधल्या एका भातशेतीच्या गावात एका कुटुंबाकडे राहतीये. सहा आठवडे झाले, सहा बाकी आहेत. विषय आहे गावातल्या बायका आणि कर्ज. घरातल्या बाईंना ती 'मॅ' म्हणते, थाई भाषेत आई. मॅ तिला भांड्यांना हात लावू देत नाही, अंधार पडला की एकटीला बाहेर सोडत नाही, ताटात सारखं वाढत राहते. ही शाकाहारी, पण पहिल्या दिवशी संकोचाने नीट बोलली नाही, तेव्हापासून माशाचा सॉस घातलेलं सगळं खातीये, मागच्या आठवड्यात डुकराच्या मांसाचा रस्सा होता तोही प्यायली आणि मग बाथरूममधे जाऊन रडली. घरी यातलं काहीच सांगितलेलं नाही. त्यात तिला कळलं की विद्यापीठाकडून मॅला राहण्याजेवणाचे पैसे मिळतात आणि हिच्या आधी दोन परदेशी मुली याच घरात राहून गेल्यात, त्यांचे फोटो भिंतीवर आहेत. "मला वाटत होतं मी मुलगी आहे, मी तर गिऱ्हाईक निघाले," असं तिने लिहिलंय. शेजारच्या बायका तिला 'खॅक' म्हणतात तेही तिला लागलंय. आणि सगळ्यात जड गोष्ट शेवटी. एका रात्री लसूण सोलता सोलता मॅने तिला घरच्या कर्जाबद्दल असं काही सांगितलं जे मॅच्या नवऱ्यालाही माहीत नाही. प्रबंधासाठी हिला नेमकं तेच हवं होतं. "मच्छरदाणीत बसून मी ते सगळं लॅपटॉपवर लिहून काढलं आणि मला चोरी केल्यासारखं वाटलं. ताई, उरलेले सहा आठवडे मी जवळच्या शहरात रूम घेऊन राहू का, आणि ते मी लिहू की नको?" खाली एक ओळ आणखी आहे: "आल्या दिवशी त्यांनी मनगटाला पांढरे दोरे बांधलेत, पार मळलेत, ते काढले तर चालतील का?"

*

अगं, तुझं पत्र मी रात्री वाचलं आणि सकाळी उठून परत वाचलं, आणि बाकी काही लिहायच्या आधी एक गोष्ट विचारून घेते कारण ती पत्रात कुठेच नाहीये. त्या घरात तुला भीती वाटते का? खोलीला आतून कडी आहे का, घरातला नाहीतर शेजारचा कुणी नको तसा वागतो का, रात्री झोप लागते का? यातल्या एकाचंही उत्तर वाईट असेल तर पुढचं वाचत बसू नकोस, बॅग भर, कोऑर्डिनेटरला फोन कर आणि आजच्या आज नीघ, मॅला काय वाटेल आणि प्रबंधाचं काय होईल ते नंतर बघता येतं. असं परक्या घरी राहणाऱ्या प्रत्येक मुलीला, आणि मुलालाही, मी आधी हेच सांगेन. पण तुझ्या पत्रावरून तसं काही वाटत नाही, मॅ तुला अंधारात एकटीला सोडत नाही याचाच तुला वैताग आलाय, त्यामुळे तू सुरक्षित आहेस असं धरून पुढे लिहिते.

मला काय दिसलं सांगू? तुझ्या पूर्ण पत्रात 'मॅला वाईट वाटेल' हे चार वेळा आलंय, 'मॅला समजणार नाही' दोन वेळा. आणि मॅ स्वतः काही बोलली असं फक्त एकदा, त्या लसणाच्या रात्री. बाकी सगळं तू तिच्या वतीने ठरवून मोकळी झालीस. तिला तुझ्यासाठी वेगळं करायला जड जाईल, ती पैशासाठी प्रेम करते, तू लिहितेस हे कळलं तर ती कोसळेल. यातलं एकही तू तिला विचारलेलं नाहीस. हे मी तुला टोचायला म्हणत नाहीये, मी स्वतः हेच केलेलं आहे आणि त्याची किंमत दुसऱ्या बाईने मोजली, ते खाली सांगते.

थाई लोकांचा एक शब्द आहे, क्रेंगजाय, तू तिथे रोज ऐकत असशील. समोरच्याला त्रास नको, त्याच्या मनाला लागायला नको म्हणून आपण मागायचं नाही, नको म्हणायचं नाही. आपल्याकडे भीड म्हणतात ना, जवळपास तीच. आता बघ, तू भिडेपोटी नको म्हणत नाहीस आणि मॅ भिडेपोटी विचारत नसेल की ही पोरगी ताटात असं का चिवडत बसते. म्हणून ती आणखी वाढते. तुला वाटतं ती बळजबरी करतीये, तिला वाटत असेल पोरीला माझ्या हातचं आवडत नाही. दोघी एकमेकींना इतकं जपताय की त्यात दोघींचे हाल चाललेत.

तर जेवणाचं आधी, ते दिवसातून तीनदा समोर येतं. तिकडे शब्द दोन आहेत. एक 'मांगसविरत', शाकाहारी, नीट कान दिलास तर ते आपलं मांस-विरती आहे, पाली-संस्कृतातनं गेलेलं, त्यात अंडं चालतं. दुसरा 'जे'. 'किन जे' म्हणजे मासे, मांस, अंडी, दूध काहीच नाही आणि वर लसूण-कांदासुद्धा नाही, थेट आपला चातुर्मास. गावात नुसतं शाकाहारी म्हटलं तर बऱ्याचदा मांसाचे तुकडे बाजूला काढून तोच रस्सा वाढतात, आणि नाम प्ला म्हणजे तो फिश सॉस, तो त्यांच्याकडे मिठाच्या जागी आहे, त्यात मासा आहे हे कुणाच्या मनातही येत नाही. त्यामुळे 'मी शाकाहारी आहे' एवढं सांगून भागणार नाही, नावानिशी सांग. नाम प्ला नको, कापी नको, ती कोलंबीची कुटलेली पेस्ट असते, आणि मांस उकळलेलं पाणी नको. सांगायला मुहूर्तही चांगला आहे. आत्ता तिकडे खाओ फन्सा लागलंय, आषाढ पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापासून तीन महिने भिक्खू एकाच विहारात राहतात, म्हणजे तो वर्षावास आणि आपला चातुर्मास बहुतेक वर्षी चार-पाच दिवसांच्या अंतराने सुरू होतात. मॅला म्हण की आमच्या घरीही याच महिन्यांत पाळतात. तुला तिचं जेवण आवडत नाही हे ऐकून ती खट्टू होईल, पण तू काही पाळतेस हे तिला एका क्षणात कळेल, ती स्वतः पाळणाऱ्या लोकांतली आहे.

आणि एक दिवस तिच्याबरोबर कुटायला बस. उत्तरेकडे नाम प्रिक नूम करतात, हिरव्या मिरच्या, लसूण, छोटे कांदे विस्तवावर भाजायचे, सालं काढायची आणि खलबत्त्यात कुटायचं. हा आपला ठेचाच आहे गं! फक्त शेवटी ती नाम प्ला घालेल, तेव्हा तिचा हात धर आणि मीठ घाल, शेंगदाणे मिळाले तर भाजून त्यातच कूट आणि तिला चाखायला दे. चिकट भाताचा गोळा त्यात बुडवून ती काय तोंड करते ते मला नक्की लिही. भांड्यांना हात लावू देत नाही म्हणतेस ना, खलबत्त्याला लावू देईल, कारण तिथे तू तिचं काम काढून घेत नाहीयेस, तुझं काहीतरी देतीयेस.

प्यायलेल्या रश्श्याबद्दल मी तुला अपराधी ठरवणार नाही. परक्या घरी, भाषा अर्धी, सहा माणसं तुझ्या तोंडाकडे बघताहेत, तू वाटी तोंडाला लावलीस. आईला सांग असं मात्र मला वाटतं, लपवलेली गोष्ट रोजच्या व्हिडिओ कॉलमधे मधे येऊन बसते आणि मग आईशी बोलणंच नको वाटायला लागतं.

आता पैशांचं. मी पंचवटीत वाढले. आमच्या शेजारी क्षेत्रोपाध्यायांचा वाडा होता, गोदावरीवर विधी करायला लांबून आलेली माणसं त्यांच्याच माडीवर उतरायची, दोन-चार दिवस राहायची, पंगतीला जेवायची, जाताना दक्षिणा द्यायची. ठरलेलं होतं, उघड होतं, त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. आणि त्याच काकू एका पाहुण्या आजींच्या पोटात दुखायला लागलं म्हणून रात्री दोन वाजता ओवा भाजून त्यांच्या उशाशी बसलेल्या मी बघितल्यात, आजींनी त्यांचा हात घट्ट धरला होता आणि काकू तशाच अवघडून भिंतीला टेकून झोपल्या. दक्षिणेत त्या रात्रीचा हिशोब कुठे होता? पैसे घेतले म्हणजे जीव लावता येत नाही हे तू कुठून घेतलंस मला कळत नाही. उलट मी म्हणते, पैसे मिळत नसते तर ते वाईट होतं. एका शेतकरी घराने तीन महिने तुला फुकट पोसायचं आणि तू त्यांच्यावर डिग्री घ्यायची, हे जास्त बरं दिसलं असतं का? पैसे आहेत म्हणून तू तिथे ताठ मानेने राहू शकतेस आणि मॅलाही तुला ठेवून घेणं परवडतं. आणि ते दोन फोटो. गिऱ्हाइकांचे फोटो कुणी भिंतीवर लावत नाही गं. तुझ्याआधी कुणी होतं याने तू खोटी ठरत नाहीस, धाकटी ठरतेस इतकंच.

मुलगी की संशोधक, हा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो तुझ्या एकटीचा नाही. जीन ब्रिग्ज नावाच्या मानववंशशास्त्रज्ञ होत्या, १९६३ मधे कॅनडाच्या उत्तर ध्रुवाकडच्या भागात इन्युइट लोकांच्या एका छोट्या वस्तीवर गेल्या आणि एका कुटुंबाने त्यांना मुलगी म्हणून ठेवून घेतलं. त्या समाजात राग दाखवणं फार वाईट समजतात. एका उन्हाळ्यात बाहेरून मासेमारीला आलेल्या गोऱ्या लोकांनी वस्तीच्या दोन होड्यांपैकी एक वापरून मोडली आणि दुसरी मागितली, तेव्हा ब्रिग्ज चिडून त्यांना बोलल्या. वस्तीच्या भल्यासाठीच बोलल्या. पण त्यानंतर जवळपास तीन महिने त्या माणसांनी त्यांना हळूच दूर ठेवलं, जेवायला देत होते, बोलणं सभ्य होतं, पण तंबूत येऊन कुणी बसेना. त्यांना आधी कळलंसुद्धा नाही की आपल्याला वाळीत टाकलंय. शेवटी दोन्हीकडच्या ओळखीच्या एका इन्युइट बाईने पत्र लिहून त्या कुटुंबाला समजावलं की ती तुमच्या होडीसाठी चिडली होती, मग हळूहळू निवळलं. मी हे दोन कारणांनी सांगतीये. एक, 'मुलगी' हे लाडाचं नाव असलं तरी त्याच्याबरोबर घरचे नियम येतात, अंधारात बाहेर न जाणं हा त्यातलाच एक, तू निफाडला आजीकडे असतीस तर तिनेही सोडलं नसतं आणि तू त्यावर पत्र लिहिलं नसतंस. आणि दुसरं, जिथे आपल्याला थेट बोलता येत नाही तिथे मधलं माणूस वापरायला लाजू नये. जेवणाचं आणि रात्री एकटं बसायला वेळ हवाय हे तुझ्या कोऑर्डिनेटरने नाहीतर गावातल्या शाळेच्या बाईंनी मॅच्या कानावर घातलं तर भीड दोघींचीही राहते. असं होस्ट घरी राहणाऱ्या बाकीच्यांनाही मी हेच म्हणेन, पहिल्याच आठवड्यात असं एक माणूस हेरून ठेवा.

'खॅक'चं पटकन सांगते. तो शब्द तिकडे भारतीय, अरब वगैरे दिसणाऱ्या सगळ्यांना वापरतात, कधी कधी त्यात हेटाळणी असते हे खरं आहे, पण त्याच शब्दाचा मूळ अर्थ पाहुणा. शेजारच्या बायका कुठल्या सुरात म्हणतात ते तुला तिथे बसून कळेल, मला इथून नाही. लागलंच तर मॅला विचार, 'त्या मला खॅक का म्हणतात?' ती काय उत्तर देते तेही तुझ्या अभ्यासातलंच आहे.

आता ती वही, म्हणजे तू लॅपटॉपवर लिहून काढलंस ते. इथे मला जरा सविस्तर लिहायचंय.

१९९४ साली मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी होते आणि एका सर्व्हेसाठी पावसाळ्यात दोन महिने सुरगाणा तालुक्यात एका कोकणा कुटुंबाकडे राहिले. विषय होता द्राक्षबागांवर मजुरीला जाणारी घरं, म्हणजे दिंडोरी-निफाडला, तुमच्याकडेच. आवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस, दिवसभर गुडघाभर चिखलात, रात्री नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी, घरातली बाई मला चुलीजवळची कोरडी जागा द्यायची आणि स्वतः गळक्या बाजूला झोपायची. तिने मला एकदा दाखवलं होतं की ती मजुरीतले थोडे पैसे प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून भाताच्या कणगीत खाली पुरून ठेवते, नवरा पितो म्हणून. मला तो तपशील फार आवडला. मी तो रिपोर्टमधे लिहिला, नाव बदलून. रिपोर्टची एक प्रत गावात गेली, कुणीतरी ती पारावर वाचून दाखवली. नाव बदललं होतं पण चुलीची जागा, पोरांची संख्या, म्हातारीचा मोडलेला पाय, सगळं तेच होतं, चाळीस घरांच्या गावात ओळखायला किती वेळ लागतो. कणगी उपसली गेली. पुढच्या वर्षी मी भेटायला गेले तेव्हा ती भांडली नाही, रडली नाही, चहा केला, आणि चहा देताना एवढंच म्हणाली, विचारलं असतंस तर सांगितलं असतं ना बाई, हे तेवढं नको लिहू. तीस वर्षं झाली, तिचा तो कान तुटलेला कप मला अजून जसाच्या तसा आठवतो.

म्हणून तुला चोरी केल्यासारखं वाटलं ते मला चांगलं लक्षण वाटतं, मला तेव्हा तसं वाटलं नव्हतं. आणि म्हणूनच मॅने काय सांगितलं ते मी इथे छापलेलं नाही. तू मला लिहिलंस, पण ते मुळात तुझं नाहीच, तर मी कुठून छापणार.

नाव बदललं की झालं असं तुझ्या गाइडनेही म्हटलं असेल तर त्यावर विसंबू नकोस. मानववंशशास्त्रज्ञ नॅन्सी शेपर-ह्यूजेस यांनी आयर्लंडमधल्या एका छोट्या गावाबद्दल १९७९ मधे पुस्तक लिहिलं, गावाचं नाव बदललं, माणसांची नावं बदलली, पुस्तकाला मानही मिळाला, पण गावाने स्वतःला बरोबर ओळखलं आणि आपल्या घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर आल्या म्हणून लोक दुखावले. वीस वर्षांनी, १९९९ मधे त्या परत गेल्या तेव्हा त्यांना गाव सोडून जायला लावलं. अमेरिकन अँथ्रोपॉलॉजिकल असोसिएशनची २०१२ ची नीतितत्त्वं तू क्लासमधे वाचली असशील, पहिलंच तत्त्व आहे इजा करू नका, आणि परवानगीबद्दल तिथे स्पष्ट आहे की ती एकदा सही घेऊन संपत नाही, काम चालू असेपर्यंत ती परत परत घ्यायची असते. मॅने पहिल्या आठवड्यात फॉर्मवर सही केली असेल. ती सही तू ठरवून विचारलेल्या प्रश्नांसाठी होती, लसणाच्या रात्रीसाठी नव्हती. त्या रात्री ती मुलीशी बोलत होती.

जरा उलटं करून बघ. एक थाई मुलगी निफाडला तुमच्या घरी येऊन राहिलीये, तुझी आई तिला हौसेने पुरणपोळी करून घालतीये, छाटणीच्या दिवसात ती बांधावर वही घेऊन बसतीये, आणि एका रात्री तुझ्या आईने तिला सांगितलं की व्यापारी माल उचलून पैसे न देता पळाला त्या वर्षी मी माझ्या बांगड्या ठेवून सोसायटीचा हप्ता भरला, यांना अजून माहीत नाही. ती मुलगी ते लिहून परदेशी घेऊन गेली. तू काय अपेक्षा करशील तिच्याकडून? लिहूच नये अशी? मला नाही वाटत. तुझी आईच कदाचित म्हणेल लिही, कळू दे लोकांना बायका काय काय निभावतात. पण तिला कुणीतरी विचारायला पाहिजे ना.

आणि तू नाशिकची आहेस, तर आपल्या क्षेत्रोपाध्यायांच्या नामावळीच्या वह्या आठव. पिढ्यान्‌पिढ्या कोण आलं, कुणाचा मुलगा, कुठलं गाव, सगळं त्यात असतं, तीही एक प्रकारे आपली जुनी फील्डनोट्सच, म्हणजे जागेवर बसून केलेल्या नोंदी. फक्त तिथे येणाऱ्या माणसाने स्वतःच्या हाताने मजकूर लिहून सही करायची पद्धत आहे. घराण्याची माहिती उपाध्यांच्या वहीत जाते, पण ज्याची आहे त्याच्या अक्षरात जाते. मॅला वही दाखव. खरंच दाखव, लॅपटॉप उघड आणि मोडक्यातोडक्या थाईत वाचून दाखव, 'हे मी तुझ्याबद्दल लिहिलंय', आधी साध्या गोष्टी, आवणी कशी झाली, ठेचा कसा कुटला. मग त्या रात्रीचं. त्या एका बोलण्यासाठी मात्र दुभाषी नको, गावातला तर अजिबात नको, ते तुम्हा दोघींतच.

ती हो म्हणाली तरी लगेच उड्या मारू नकोस. तिला सांग कोण वाचणार, थाईमधे भाषांतर होऊन ते गावात येऊ शकतं का, नवऱ्याने वाचलं तर ओळखेल का. हे सगळं ऐकून तिचं हो टिकलं तर घरातला तपशील इतका बदल की शेजारीणही चुकली पाहिजे. ती नाही म्हणाली तर ती फाइल वेगळी काढून पासवर्ड घालून ठेव आणि प्रबंधात एक अक्षर नको. तुझा विषय त्याने बुडत नाही. थायलंडमधे २००१ पासून प्रत्येक गावाला १० लाख बाहतचा गाव-निधी आहे, कर्जं त्यातून फिरतात, शेती बँकेतून फिरतात, सावकारांकडून फिरतात. तू गावातल्या दहा-बारा बायकांना सरळ विचारू शकतेस की इथे बायका घरी न सांगता कर्ज घेतात असं होतं का आणि का होतं. कुणाचं घर न उघडता तुला जे म्हणायचंय ते म्हणता येईल, आणि एका घराच्या गोष्टीपेक्षा ते भक्कमही असेल.

तू लिहिलंयस की असं सगळं गाळलं तर मी घाबरट संशोधक ठरेन. नाही गं. आपल्या इरावती कर्वे १९२८ च्या सुमारास बर्लिनला गेल्या, वंशानुसार कवटीत ठरावीक फरक असतो असं त्यांच्या मार्गदर्शकाचं म्हणणं होतं, यांच्या मोजमापात तसं काही निघालं नाही आणि त्यांनी तसंच लिहून दिलं, परक्या देशात, डिग्री ज्याच्या हातात त्याच्या विरोधात. धाडस ते. बलवान माणसासमोर खरं लिहिणं आणि तुला भात वाढणाऱ्या बाईची झाकली मूठ उघडणं यांना एकाच मापात घालू नकोस.

वहीबद्दल आणखी एक, दोन वह्या कर. एक फील्डनोट्सची आणि एक तुझी, मराठीत, हाताने लिहायची. मॅचा राग आला, रस्सा बघून मळमळलं, आईची आठवण आली, सगळं त्यात टाक. मालिनोव्स्कीसारखा माणूस, ज्याला फील्डवर्कचा बाप म्हणतात, त्याचीही पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियांड बेटांवरची खाजगी डायरी १९६७ मधे, तो गेल्यावर पंचवीस वर्षांनी बाहेर आली आणि त्यात वैताग, घरची ओढ आणि तिथल्या लोकांबद्दलची वाईट भाषा बघून लोक हादरले. वैताग येणारच. तो फील्डनोट्समधे मिसळला की मग मॅ कंजूष वाटते, शेजारीण खवचट वाटते आणि दोन महिन्यांनी तू तेच पुरावा म्हणून वापरतेस.

रूमचं. माझं मत, आत्ता हलू नकोस. संध्याकाळ गेली की तुझा अभ्यास गेला, लसूण काही दुपारी ऑफिसच्या वेळेत सोलत नाहीत. रोज स्कूटरवर ये-जा तर नकोच नको, पावसाळ्यात डोंगराळ रस्ते, थायलंडमधे रस्त्यावर जीव जाणाऱ्यांत बहुतेक दुचाकीवाले असतात, आणि लायसन्स-इन्शुरन्सचं नीट नसेल तर हॉस्पिटलचं बिल तुझ्यावर. पण तुला एकांत लागतो हे खोटं नाही, सतत माणसांत राहून डोकं भणभणतं. म्हणून आठवड्यातून एक रात्र शहरात जा, साधं गेस्टहाऊस, दार लावून झोप, टाइप कर, आईशी मनसोक्त बोल, दुसऱ्या दिवशी परत ये. मॅला खरं कारण सांग, टायपिंग आणि झोप. मॅशी बोलून झाल्यावर आठ-दहा दिवस जाऊ देत, तरीही जीव घुसमटत असेल तर बिनधास्त हल, तेव्हा ते पळून जाणं नसेल.

आणि फक्त विचारत राहू नकोस, सांग पण. मॅला तुमच्या बागेचे फोटो दाखव, बाबांनी कर्ज काढून उभारलेल्या मांडवाचे दाखव. आणि तिला आपल्या पांडवलेण्याची गोष्ट सांग, तुझ्या विषयातली आहे! १० नंबरच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे, त्याने विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या संघांकडे, ३००० कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, ठेवले, २००० महिना शेकडा एक दराने आणि १००० पाऊण दराने. २००० चं वर्षाचं व्याज होतं २४०, आणि त्यातून वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी, म्हणजे त्यांच्या वस्त्रासाठी. ठेव, व्याज, वर्षावास, सगळं जवळपास एकोणीसशे वर्षांपूर्वी तुझ्या घरापासून अर्ध्या तासावर. फन्साच्या दिवसात विहारात चीवर देणाऱ्या बाईला हे ऐकून काय वाटेल बघ तरी. तू तिच्या कर्जाचं विचारायला आलेली परकी मुलगी आहेस, त्याआधी व्याजाच्या गावची आहेस हे तिला कळू दे.

राहिले दोरे. ते काढले तर चालतात, निदान तीन दिवस ठेवायचे असतात, तुझे सहा आठवडे झालेत. पण कात्रीने कापू नकोस, गाठ सोडलेली बरी मानतात. आणि ते एका हाताने सुटत नाहीत. संध्याकाळी भांडी झाली की मॅकडे हात पुढे कर, तिलाच सोडू दे, भिजून घट्ट झालेल्या गाठी आहेत, पाच-दहा मिनिटं तरी जातील. तेवढ्या वेळात तिला विचार.